शिकाऊ हात, उसनी शरीरे

सोनोग्राफी शिकवणाऱ्या सिम्युलेटरमध्ये ध्वनिलहरी नसतात. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. टेबलावर रबरासारख्या पदार्थाचे धड असते, कधी छातीसह, कधी नुसते पोट. शिकणाऱ्याच्या हातात प्रोब असतो, दिसायला आणि धरायला अगदी खऱ्यासारखा. तो पुतळ्याच्या पोटावर टेकवला की समोरच्या पडद्यावर करडे-काळे चित्र उमटते: यकृत, पित्ताशय, गर्भाचे डोके. प्रत्यक्षात त्या प्रोबमधून काहीही बाहेर पडत नाही आणि पुतळ्याच्या पोटातही काही नसते. प्रोबमध्ये असतो तो फक्त जागा आणि कोन ओळखणारा संवेदक. संगणकात खऱ्या माणसांच्या सोनोग्राफीचे त्रिमितीय साठे भरून ठेवलेले असतात. प्रोब जिथे आणि जसा धरला असेल त्याप्रमाणे संगणक त्या साठ्यातून नेमका तेवढा काप काढून दाखवतो. १९९० च्या दशकात इस्रायलच्या मेडसिम कंपनीचे ‘अल्ट्रासिम’ आले तेव्हा पद्धत हीच होती. पुढच्या काही यंत्रांत चित्र गणिताने रचलेले असते, पण साठ्याची पद्धत आजही चालू आहे.

म्हणजे कधीतरी कोणी बाई तपासणीच्या टेबलावर पडली होती, तिच्या पोटावरून प्रोब फिरला होता आणि ती उठून घरी गेली होती. तिच्या गाठीची किंवा गर्भाची प्रतिमा मात्र मागे राहिली. आता शेकडो शिकाऊ डॉक्टर तिच्यावर हात बसवतात आणि तिला गार जेलचा स्पर्शही होत नाही.

मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेची पदवी, पतपेढीतली नोकरी आणि वैद्यकीय उपकरणांच्या इतिहासाचा जडलेला नाद, एवढीच माझी शिदोरी. या नादात जे वाचले त्यातून एक प्रश्न सतत वर येत राहिला: शिकाऊ डॉक्टरचा हात आजवर कोणाच्या अंगावर बसत आला? सोनोग्राफीच्या बाबतीत हा प्रश्न विचारायला जगाने इतका उशीर का केला, याचा शोध या लेखात घेतला आहे.

आधी त्या हाताला नेमके काय शिकायचे असते ते पाहू. पोटाच्या तपासणीचा प्रोब सेकंदाला पस्तीस लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त कंपनांची लहर आत सोडतो. ऊतींतून ती सेकंदाला १५४० मीटर वेगाने जाते असे यंत्र धरून चालते आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेवरून खोली काढते. हे सगळे यंत्र करते. कुठला काप घ्यायचा ते मात्र हात ठरवतो. दुधी भोपळा सरळ कापला की गोल चकती मिळते, तिरका कापला की लांबट. गर्भाच्या डोक्याचे तसेच आहे. डोके मोजायचे तर एका विशिष्ट पातळीवरच मोजावे लागते. तिथे मेंदूतले थॅलॅमस दिसले पाहिजेत आणि लहान मेंदू दिसता कामा नये. प्रोब थोडा कलला की माप बदलते, आणि त्याबरोबर गर्भाचे वय किंवा वजनही. मांडीचे हाड तिरके पकडले तर आखूड दिसते. मग वाढ खुंटल्याची शंका येते, पुन्हा तपासणी होते आणि एका घराची आठवडाभर झोप उडते. डोळे पडद्यावर, हात पोटावर, आणि दोघांमध्ये मनातल्या मनात फिरवायचे एक त्रिमितीय शरीर. हे पुस्तकातून येत नाही. वाहन चालवण्यासारखे किंवा तबल्यासारखे ते हाताने करूनच येते.

हाताने करून शिकायच्या गोष्टी आधी निर्जीव वस्तूंवर कराव्यात, हा विचार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ याच विषयाला वाहिलेला आहे. योग्या म्हणजे सराव. कापण्याचा सराव कोहळा, दुधी, काकडी यांवर करावा, भेदण्याचा पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर, खरवडण्याचा केसाळ कातड्यावर, शीर टोचण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. सळई घालून आत काय आहे ते चाचपण्याचा सराव किडलेल्या लाकडावर किंवा बांबूवर. पट्ट्या बांधायला माणसाच्या आकाराचा बाहुला. हा अध्याय वाचून छाती फुगवणारे बरेच भेटतात. मला त्यातली दृष्टी जास्त मोलाची वाटते: प्रत्येक क्रियेसाठी हाताला लागणारा प्रतिकार वेगळा असतो, म्हणून प्रत्येकीसाठी वस्तूही वेगळी निवडली आहे. आजचा सिम्युलेटर बनवणारा अभियंता याच गोष्टीशी झगडत असतो.

बाळंतपणाच्या शिक्षणात पुतळा आला तो अठराव्या शतकातल्या युरोपात. लंडनमध्ये विल्यम स्मेली हे स्कॉटिश डॉक्टर १७४० च्या दशकात प्रसूतिशास्त्राचे वर्ग घेत. खऱ्या हाडांवर कातडे चढवून त्यांनी यंत्रे बनवली होती. पॅरिसमध्ये शिकलेल्या एलिझाबेथ निहेल या सुईणीने १७६० च्या आपल्या पुस्तकात या यंत्रांची भरपूर थट्टा केली. लाकडी बाई, कातड्याचे पोट आणि आत बहुधा बिअर भरलेली, बुचाने बंद केलेली पिशवी असे तिचे वर्णन आहे. थट्टेमागे धंद्याची स्पर्धा होती हे उघड आहे. पण असल्या लाकडी बाईवर शिकून बाहेर पडलेले पुरुष खऱ्या बाईला कसे हाताळतील, ही तिची शंका थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती.

स्मेली यांनी आपल्या १७५२ च्या ग्रंथात दिलेले आकडे मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलके वाटतात. त्यांनी २८० हून अधिक वर्ग घेतले, ९०० हून अधिक पुरुष विद्यार्थी शिकवले आणि त्या काळात विद्यार्थ्यांच्या उपस्थितीत १,१५० गरीब बायकांची बाळंतपणे केली. बाळंतपणाच्या दिवसांतला या बायकांचा खर्च विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून निघे. व्यवहार सरळ होता. पैसे असलेल्या बाईच्या घरी डॉक्टर एकटा जाई; पैसे नसलेली बाई विद्यार्थ्यांच्या नजरेने आणि हाताने किंमत चुकवी. म्हणजे पुतळा असूनही गरीब बाई त्या शिक्षणातून सुटली नव्हती. पुतळा सुरुवातीपुरता होता.

फ्रान्समधली गोष्ट वेगळी आहे. अँजेलिक द्यु कूद्रे ही पॅरिसची परवानाधारक सुईण. सप्तवार्षिक युद्धाच्या काळात देशाची लोकसंख्या घटते आहे या भीतीने फ्रेंच दरबाराला ग्रासले होते. खेड्यांत अर्भके आणि बाळंतिणी मरतात त्या अडाणी दाईंमुळे, असे निदान झाले. १७५९ मध्ये पंधराव्या लुईने द्यु कूद्रे यांना देशभर फिरून शिकवण्याची सनद दिली. त्याच वर्षी त्यांचे पाठ्यपुस्तकही निघाले. पुढची वीसेक वर्षे त्या गावोगाव हिंडल्या. समोर बसणाऱ्या बहुतेक बायकांना वाचता येत नव्हते. त्यांच्यासाठी द्यु कूद्रे यांनी कापड, कातडे आणि भरण वापरून बाईच्या कंबरेखालचा भाग शिवला. सोबत कापडी बाळ, जुळी बाळे, नाळ, वार. दोऱ्या ओढल्या की वाट रुंद-अरुंद होई. पुढे पुढे रंगीत पाण्यात भिजवलेले स्पंज घालून रक्त आणि गर्भजलही दाखवले जाई. त्या याला ‘यंत्र’च म्हणत. सुमारे दोन महिन्यांचा वर्ग असे आणि प्रत्येक बाईला पुतळ्यावर हात घालून आडवे, पायाळू, अडकलेले बाळ सोडवावे लागे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या बायकांची संख्या हजारांत होती.

त्यांचे एक यंत्र रूआँ शहराच्या वैद्यकीय इतिहासाच्या संग्रहालयात टिकून आहे. त्याचा एक्स-रे काढला तेव्हा कापडाच्या आत एका तरुण स्त्रीच्या कटीची खरी हाडे सापडली.

विसाव्या शतकातल्या सिम्युलेटरची जन्मकथा विमानांत आहे आणि ती बरीच सांगितली गेली आहे, म्हणून मी थोडक्यात आवरते. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटनमध्ये ऑर्गन आणि पियानो बनवणाऱ्या कारखानदाराचा मुलगा एडविन लिंक याने १९२९ मध्ये ऑर्गनचे भाते वापरून जमिनीवरच डोलणारे विमान तयार केले. जत्रेतले खेळणे म्हणून ते जास्त चालले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्करी वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम आले, खराब हवेत काही आठवड्यांत डझनभर माणसे मेली आणि मग लष्कराने लिंककडून सहा यंत्रे घेतली. १९६० मध्ये नॉर्वेचे खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डाल यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी ‘ॲन’ ही बाहुली आणली. १९६७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात भूल देण्याच्या प्रशिक्षणासाठी संगणकावर चालणारा ‘सिम वन’ तयार झाला आणि १९६८ मध्ये मायामीत हृदयाचे ठोके ऐकवणारा ‘हार्वी’. धोका दिसला की पुतळा बनतो, असा या सगळ्यांचा क्रम आहे. वैमानिक मरतो, बुडालेला माणूस मरतो, भूल जास्त झाली तर रुग्ण मरतो.

सोनोग्राफी मात्र जन्मालाच निरुपद्रवी म्हणून आली. ग्लासगोचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलात होते, त्यामुळे प्रतिध्वनीवरून वस्तू शोधण्याची कल्पना त्यांना परकी नव्हती. २१ जुलै १९५५ रोजी ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी दोन मोटारींच्या डिकीत घालून रेनफ्रू इथल्या बॅबकॉक अँड विलकॉक्सच्या बॉयलर कारखान्यात घेऊन गेले. धातूतल्या भेगा शोधणाऱ्या यंत्राखाली गाठी ठेवल्या; तुलनेसाठी मांसाचा एक तुकडाही होता. घट्ट गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले. पुढे टॉम ब्राऊन हा तरुण अभियंता येऊन मिळाला. प्राध्यापकमहाशय भेगाशोधक यंत्र बायकांच्या पोटावर वापरतात हे त्याच्या कानावर आले आणि त्याने सरळ त्यांना फोन केला. ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकर आणि ब्राऊन यांचा पोटातल्या गाठींवरचा शोधनिबंध छापून आला. पोटाचा असाध्य कर्करोग ठरवलेल्या एका बाईला प्रत्यक्षात अंडाशयाची प्रचंड मोठी पाण्याची गाठ आहे, हे या यंत्राने दाखवले होते. गाठ काढली आणि बाई वाचली.

याच सुमारास ॲलिस स्टुअर्ट यांनी गरोदरपणातल्या एक्स-रेचा संबंध मुलांच्या कर्करोगाशी जोडून दाखवला. एक्स-रेवर संशय आला आणि ध्वनी निर्धोक ठरत गेला. माझ्या मते पुढच्या घडामोडींची किल्ली इथे आहे. निर्धोक यंत्राचा सराव जिवंत माणसावर करायला कोणाचीच हरकत नव्हती. रक्त नाही, भूल नाही, किरणे नाहीत. बाई पडून राहील आणि विद्यार्थी शिकतील. बाळंतपणाचा पुतळा अठराव्या शतकात तयार झाला, पण गर्भ बघायला शिकवणारा पुतळा यायला सोनोग्राफीच्या जन्मानंतर चाळीसेक वर्षे लागली.

हाताचा प्रश्न ब्राऊन यांच्या लक्षात फार लवकर आला होता. प्रत्येकाच्या हातून चित्र वेगळे येते म्हणून १९६० च्या सुमारास त्यांनी पोटावरून आपोआप फिरणारे यंत्र बांधले. हातच वगळला की कौशल्याचा प्रश्न उरत नाही, असा तो विचार होता. तो टिकला नाही. हलते चित्र जागच्या जागी दाखवणारी यंत्रे आली, प्रोब लहान झाला आणि सगळी भिस्त पुन्हा बोटांवर आली. विद्या मग गुरूच्या शेजारी उभे राहून शिकायची झाली.

गुरूच्या शेजारी उभे राहणाऱ्यांच्या समोर कोण पडलेले असते, ते मी एकदा स्वतः पाहिले आहे. चाळिशी ओलांडल्यावर गर्भाशयातल्या गाठीसाठी मला एका मोठ्या रुग्णालयात आतून करायची सोनोग्राफी सांगितली होती. खोलीत तीन निवासी डॉक्टर होते. आळीपाळीने तिघांनी प्रोब घेतला. पहिल्या मुलीचा हात थरथरत होता. ती पडद्याकडे बघत होती आणि माझ्याकडे बघायची तिला सवड नव्हती. दुसऱ्याला अंडाशय सापडेना. मग वरिष्ठ बाई आल्या, दोनेक मिनिटांत गाठ मोजली आणि निघून गेल्या. कोणी उद्धटपणा केला नाही. त्या मुलांना शिकायचेच होते आणि विचारले असते तर मी बहुधा हो म्हटले असते. पण कोणी विचारले नाही. बाहेर बाकावर अजून दहा-बारा बायका बसल्या होत्या, पाणी पिऊन, पोट धरून. घरी आल्यावर मी स्मेलींचे आकडे पुन्हा काढून वाचले.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा आपल्या राज्याने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १९९६ मध्ये अमलात आला आणि २००३ पासून अधिक कडक झाला. त्यामुळे आपल्याकडे सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र नोंदलेले असते आणि गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीमागे ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो. २०१४ च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचे, ३०० तासांचे प्रशिक्षण ठरवले; त्यावरून डॉक्टरांच्या संघटना आणि सरकार यांच्यातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. यंत्र कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, कोणी वापरले, यावर आपल्याकडे जेवढी चर्चा होते तेवढी शिकाऊ हाताखाली कोण असते यावर होत नाही. कायद्याचा रोख योग्यच होता आणि आहे. पण जिथे गरोदर बाईच्या पोटावर प्रोब टेकवणे हीच इतकी गंभीर बाब मानली आहे, तिथे पहिले धडे तरी गर्भ नसलेल्या पोटावर द्यावेत, हे मला साधे तर्कशुद्ध वाटते. २०१९ पासूनच्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात प्रत्येक महाविद्यालयाला कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक केली आहे. जागा तयार आहे. तिथे सोनोग्राफीचा पुतळा ठेवायचा की नाही, हा प्रश्न आता इच्छेचा आणि पैशांचा आहे.

त्याचा उपयोग होतो का? याचे उत्तम उत्तर डेन्मार्कमधून आले आहे. कोपनहेगनचे मार्टिन टोल्सगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रीरोग विभागातल्या नवशिक्या डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाने नेहमीप्रमाणे रुग्णांवर काम करत शिकायचे. दुसऱ्याने त्याआधी आतून करायच्या सोनोग्राफीच्या सिम्युलेटरवर सराव करायचा. या यंत्रात प्रोब हाताला प्रतिकारही करतो. सरावाची मर्यादा तासांवर बांधलेली नव्हती. अनुभवी डॉक्टरांच्या तोडीचे गुण पडेपर्यंत बसायचे. दोन महिन्यांनी दोन्ही गटांच्या खऱ्या तपासण्या तपासल्या गेल्या आणि गुण देणाऱ्यांना कोण कुठल्या गटातला हे ठाऊक नव्हते. सिम्युलेटरवाले सरस ठरले. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

मला त्यांचा दुसरा, २०१७ चा अभ्यास जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात तपासणी झालेल्या बायकांनाच विचारले होते: किती त्रास झाला, डॉक्टरवर कितपत भरवसा वाटला. सिम्युलेटरवर शिकून आलेल्यांच्या हाताखाली त्रास कमी झाला आणि भरवसा जास्त वाटला. त्रास हा मोजण्याजोगा परिणाम आहे हे यात गृहीत धरले आहे. निर्धोक म्हणून आलेल्या तंत्राच्या बाबतीत हे मान्य व्हायला जवळपास साठ वर्षे जावी लागली.

पुतळ्याच्या मर्यादाही आहेत. आतड्यातला वारा, जाड पोट, जुन्या सिझेरियनचा व्रण, ऐन वेळी पाठ फिरवणारा गर्भ या गोष्टी साठवलेल्या चित्रांत फारशा नसतात. यंत्र महाग असते आणि ते बंद पडले की आपल्याकडच्या अनेक महागड्या यंत्रांप्रमाणे कापड घालून कोपऱ्यात उभे राहते. सोनोग्राफीत बघत सुई घालण्याचा सराव करायला काही ठिकाणी जिलेटिनमध्ये इसबगोल मिसळून वड्या थिजवतात आणि आत पाण्याने भरलेली रबरी नळी ठेवतात. इसबगोलामुळे पडद्यावर मांसासारखा करडेपणा येतो. शिरेसाठी ही युक्ती झकास आहे. सुश्रुताच्या कमळाच्या देठाची आठवण मला इथे हटकून येते. गर्भाचे डोके मात्र वडीत थिजवता येत नाही.

अलीकडे आणखी एक प्रकार निघाला आहे. निरोगी स्वयंसेवकाच्या अंगावर ठरावीक जागी छोट्या इलेक्ट्रॉनिक चकत्या चिकटवतात. शिकाऊ डॉक्टर प्रोब त्या जागी नेतो आणि पडद्यावर त्या स्वयंसेवकाचे नव्हे, तर साठ्यातल्या दुसऱ्याच कोणाचे दुखणे दिसते. चित्र साठ्यातले, पण टेबलावर जिवंत माणूस. त्याला आधी सगळे समजावून सांगितलेले असते. तो कूस बदलतो, श्वास रोखून धरतो आणि प्रोब जोरात दाबला की तसे सांगतो.